बीपीचं मशीन परत आणण्याआधी दंडाला टेप लावा

‘तुमचं मशीन जास्त दाखवतं, बदलून द्या.’ दुकानात सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. तपासलं तर मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चुकलेला असतो कफ. खोकल्यातला नव्हे, दंडाला गुंडाळायचा पट्टा.

अनेक मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. वजन जास्त असलं की दंड सहज ३५-३६ भरतो. मग आतली हवेची पिशवी दंडाला पुरत नाही, रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि तेवढा आकडा फुगतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजलं. लार्ज लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त आला, एक्स्ट्रा लार्जवाल्यांचा १९.५ ने! म्हणजे १२८ चे १४७. त्यावर गोळी सुरू झाली तर?

वजनाने बीपी खरोखरही वाढतं, त्यात वाद नाही. किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने खाली येतो. पण खरं वाढलेलं बीपी वेगळं आणि पट्ट्याने वाढवलेलं वेगळं. उलटही होतं: बारीक दंडाच्या आजींना नेहमीचा पट्टा ढगळ होतो आणि बीपी कमी दिसतं. बरंच वजन उतरवलं असेल तर दंड पुन्हा मोजा.

खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या दंडाला, शिंप्याचा टेप लावा. न आवळता.

आम्ही मशीन देण्याआधी दंड मोजतो, याचा काहींना राग येतो. वजन आम्ही विचारत नाही, आणि मोजायला आत आडोसा आहे. मोठ्या पट्ट्याचे वेगळे पैसे पडतात, त्यामुळे ‘माथी मारतायत’ असंही ऐकून घेतो. घेर २९ भरला तर ‘नको’ म्हणून आम्हीच सांगतो.

दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळी बसली म्हणून वापरू नका, आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून मशीन सोबत आणा. कुठूनही घेतलेलं असो, आमच्या मशीनशी पडताळून देऊ, मोफत. गोळ्यांचं मात्र डॉक्टरच ठरवतील.

येताना घट्ट बाहीचं काही घालू नका. आणि जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बसावं लागेल, खुर्ची आहे.