जहाज–घर रेडिओ संपर्क

जहाज–घर रेडिओ संपर्क : भर समुद्रात असलेल्या माणसाने रेडिओलहरींच्या आधारे घरच्यांशी बोलणे, निरोप धाडणे किंवा निदान आपण ठीक असल्याचे कळवणे. संकटात मदत मागण्याचा सागरी रेडिओ हा वेगळा विषय. यंत्र बहुधा तेच असते, पण व्यवहार निराळा. प्रस्तुत नोंदीत हा व्यवहार बेळगाव सीमाभागाच्या, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि घाटाखाली कारवारपर्यंतच्या मुलखाच्या अंगाने पाहिला आहे.

बेळगावला समुद्र नाही. सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या या शहरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. तरी ‘पोरगा बोटीवर आहे’ हे वाक्य इथे कुणाला उलगडून सांगावे लागत नाही. कुणी नौदलात, कुणी व्यापारी जहाजाच्या इंजिनरूममध्ये, आणि अगदी क्वचित कुणी शिडाच्या बोटीवर. भारतीय नौदलाच्या ज्या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता ती पुरी केली, तिचे नाव ‘म्हादेई’. ती बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर. पण ज्या नदीवरून हे नाव आले ती म्हादई उगम पावते खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. पाणीतंट्यामुळे ही नदी इकडे रोज वर्तमानपत्रात असते, नौका मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही.

जवळचे मुके, लांबचे बोलके. घाटावरून समुद्राशी बोलायचे तर लहरींचा एक विचित्र स्वभाव समजून घ्यावा लागतो. बंदरात आणि किनाऱ्यालगत वापरतात तो व्हीएचएफ संच. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे दोन बोटींमधला पल्ला अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो आणि सहसा काही मैलांत संपतो. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याशी तो वीस-तीस सागरी मैलांपर्यंत जातो. हाक मारण्यासाठी चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर राखून ठेवलेले आहे. कारवारच्या बैतकोल बंदरातले बोलणे या संचावर बेळगावच्या टिळकवाडीत ऐकू येण्याची आशा धरू नये. डोंगर आडवा येतो.

लांबच्या संपर्कासाठी एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. या लहरी वर जाऊन आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यावर, मुख्यतः २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या एफ थरावर, वळतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर पार होतात. दिवसा खालचा डी थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून उन्हात १४ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा पट्टा घ्यायचा आणि रात्री ७ किंवा त्याखालचा. रेडिओवाले याला ‘बँड उघडला’, ‘बँड बसला’ असे म्हणतात, दुकानाबद्दल बोलावे तसे.

यातून निघणारी गोष्ट घरच्यांना पटवून देणे अवघड जाते. १४ मेगाहर्ट्झची लहर वर जाऊन परत खाली येते ती कित्येक शे किलोमीटर पलीकडे. मधला पट्टा कोरडाच राहतो. त्यामुळे सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सेशेल्सजवळची बोट खणखणीत ऐकू येते, आणि तीच बोट परतीच्या वाटेवर कारवारसमोर, जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आली की मुकी होते. आई म्हणते, ‘लांब होता तेव्हा रोज ऐकू यायचा, आता जवळ आला तर काय झालं याला?’ काहीही झालेले नसते. अशा वेळी ३.५ किंवा ७ मेगाहर्ट्झवर यावे, लहर जवळजवळ सरळ वर पाठवावी, म्हणजे ती डोंगर ओलांडून डोक्यावरून खाली पडते. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना हा उपाय चांगला चालतो.

बॉम्बे रेडिओ आणि ट्रंक कॉल. उपग्रह येण्याआधी व्यापारी जहाजावरून घरी बोलण्याचा रस्ता किनारी रेडिओ केंद्रातून जाई. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईचे केंद्र ‘बॉम्बे रेडिओ’ या नावाने ओळखले जाई. त्याची हाकखूण व्हीडब्ल्यूबी. केंद्र ठरावीक वेळी ‘ट्रॅफिक लिस्ट’ वाचून दाखवी, म्हणजे कोणकोणत्या जहाजांसाठी निरोप येऊन पडले आहेत त्यांची यादी. आपले नाव ऐकले की जहाजावरचा रेडिओ ऑफिसर केंद्राला हाक मारी. निरोप शब्दांवर मोजला जाई आणि पुढे साध्या तारेसारखा घरी पोचे. बोलायचे असेल तर केंद्रातला ऑपरेटर रेडिओचे टोक टेलिफोन लाइनला जोडून देई, आणि बेळगावात फोन वाजे. बऱ्याचदा शेजारच्यांचा, कारण घरोघरी फोन नव्हतेच.

मग खरी कसरत. एकाच अँटेनावरून बोलणे आणि ऐकणे एकदम जमत नसल्याने आळीपाळीने बोलावे लागे आणि आपले संपले की ‘ओव्हर’ म्हणावे लागे. पहिल्यांदा फोन घेणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? ‘जेवलास काय रे?’ विचारून ती थांबते, पलीकडून काही येत नाही, ती पुन्हा विचारते, तोवर पलीकडचे उत्तर तिच्या आवाजाखाली गाडले जाते. शेवटी मधला ऑपरेटर सांगतो, ‘बाई, ओव्हर म्हणा.’ त्यावर ती ‘ओव्हर’ एवढेच म्हणते. अशात मिनिटे सरतात, आणि मिनिटांचे पैसे पडतात. म्हणून शहाणी घरे काय विचारायचे ते आधी कागदावर लिहून ठेवत. शिवाय त्या वारंवारतेवर रिसीव्हर लावून बसलेल्या कुणालाही हे सगळे ऐकू येई, इतर जहाजांचे ऑफिसर तर हमखास ऐकत. नवरा-बायकोचे बोलणे यामुळे हवापाणी, पोरांचे मार्क आणि पैसे मिळाले की नाही एवढ्यावर येऊन ठेपले. लाजेखातर जे बोलायचे राहिले ते पत्रात गेले, आणि ही रेडिओची उणीव फक्त तांत्रिक नव्हे.

उपग्रहांनी हा रस्ता हळूहळू बंद केला. सागरी उपग्रहसेवेसाठी इन्मारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. जीएमडीएसएस ही जागतिक संकट-सुरक्षा व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली, तेव्हा मोर्स जाणणारा रेडिओ ऑफिसर जहाजांवरून उतरला. अमेरिकेतली एटी अँड टी कंपनीची तिन्ही हाय सीज केंद्रे १९९९ च्या नोव्हेंबरात थांबली, इंग्लंडमधले प्रसिद्ध पोर्टिसहेड रेडिओ २००० मध्ये. भारतातली तारसेवाही जुलै २०१३ मध्ये संपली.

ठरलेली वेळ. शिडाच्या छोट्या बोटींनी मात्र एचएफ सोडला नाही. त्यांच्या संपर्काचा कणा यंत्र नसून ‘स्केड’ आहे, म्हणजे अमुक वारंवारतेवर अमुक वेळी ऐकायला बसायचे, हे निघण्याआधीच ठरवून ठेवणे. वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत धरतात, १३.३० ला आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात. अनेक बोटी एकाच वेळी एकाच ठिकाणी हजेरी लावतात त्याला ‘नेट’ म्हणतात. एकजण नावे पुकारतो, ज्याने त्याने आपले अक्षांश-रेखांश, वारा, समुद्र आणि ‘सगळे ठीक’ सांगायचे. हौशी (हॅम) रेडिओवाल्यांच्या १४.३०० मेगाहर्ट्झवर असे सागरी नेट वर्षानुवर्षे भरत आले आहे.

बेळगावच्या शहापुरातल्या एका घरात अशी स्केड पाळल्याची शंभरपानी वही नोंदलेखकाने पाहिली आहे. मुलगा परदेशी माणसाच्या बोटीवर मदतनीस म्हणून गेला होता. बोटीच्या मालकाकडे हौशी परवाना होता, आणि मालक शेजारी असताना नेटवर जागा सांगायचे काम मुलाकडे येई. घरी फक्त रिसीव्हर. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर ताणलेली तांब्याची तार, तिचे एक टोक खिडकीतून आत. म्हणजे ऐकता येत होते, उत्तर देता येत नव्हते. वडिलांच्या अक्षरातल्या नोंदी अशा : ‘वळीव. कडकडाट, काही नाही.’ ‘आवाज आला, आपला नाही.’ ‘लाईट गेली. बॅटरीवर लावला, स्वच्छ.’ ‘नैऋत्य वारा २०. भात लागला म्हणाला, कुणीतरी हसलं.’

तिसऱ्या नोंदीचे कारण सांगण्याजोगे आहे. ट्यूबलाइटचे चोक, मिक्सर आणि विजेच्या खांबावरचे सैल जोड एचएफवर मोठी खरखर सोडतात. लोडशेडिंग झाले की ती सगळी एकदम बंद पडते. भारनियमनाला मनापासून दुवा देणारे घर नोंदलेखकाला हे एकच ठाऊक आहे. दुसरी अडचण ट्यूनिंगची. एसएसबी या एचएफवर बोलण्याच्या पद्धतीत संच थोडासा जरी इकडेतिकडे राहिला तरी माणसाचा आवाज बदकासारखा येतो. ‘हा आपला नव्हे’ असे आजी ठामपणे सांगत होती. क्लॅरिफायरचे बटण केसभर फिरवले आणि बदकाचा नातू झाला.

आवाज थांबतो तेव्हा. स्केड चुकणे म्हणजे अपघात नव्हे. बॅटरी उतरते, अँटेना तुटते, खारी हवा जोड खाऊन टाकते, बँड बसतो. इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ च्या शर्यतीत पहिल्या एकट्याच्या विनाथांबा प्रदक्षिणेवर होते तेव्हा त्यांचा रेडिओ वाटेतच बंद पडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ ते दिसले, त्यानंतर एप्रिलमध्ये अझोर्सजवळ एका टँकरने पाहीपर्यंत त्यांची काहीच बातमी नव्हती. बोट ‘सुहैली’, मुंबईत बांधलेली सागवानी. ती २२ एप्रिल १९६९ ला सुखरूप इंग्लंडमधल्या फालमथला लागली. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिले, सगळे विश्वास ठेवत राहिले, आणि शेवटी बोट रिकामी सापडली. गप्प राहिलेला घरी पोचला, बोलत राहिलेला पोचला नाही.

म्हणून निघण्यापूर्वी ठरवायची सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे किती स्केड चुकल्यावर घरच्यांनी काय करायचे. एक चुकली, काही नाही. दोन चुकल्या तर नेटवरच्या इतर बोटींना विचारायचे. त्यापुढे तटरक्षक दल : भारतीय हद्दीतल्या समुद्री शोध-बचावाचे समन्वयन तेच करते, आणि त्याचा मदत क्रमांक १५५४ आहे. बोटीवर ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटाची खूण देणारा छोटा संच, असेल तर खऱ्या संकटात तो आपोआप किंवा हाताने उपग्रहाला खूण देतो. त्याने खूण दिलेली नसेल तर घरातल्या माणसाने निदान जेवून घ्यावे.

परवाना. घरून उत्तर द्यायचे असेल तर परवाना लागतो. सागरी वारंवारता खासगी घराला मिळत नाहीत. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. वयाची किमान अट १२ वर्षे. परवाना बोटीवर आणि घरी दोन्हीकडे हवा. त्रयस्थाचा निरोप एका देशातून दुसऱ्या देशात हौशी रेडिओवरून नेणे, आपत्ती सोडल्यास, संबंधित सरकारांच्या संमतीशिवाय चालत नाही. धंद्याचे बोलणे तर मुळीच नाही. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांची भाषा गमतीची होती : वैयक्तिक बोलणे चालेल, पण ते इतके बिनमहत्त्वाचे असावे की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोन वापरणे योग्य ठरू नये. ‘भात लागला’ हे कायद्यात अगदी चपखल बसते. इरिडियम किंवा थुराया हे उपग्रह फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा आहे; परदेशी बोटीवरून गोव्यात किंवा कारवारला उतरणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

सध्याची स्थिती. व्यापारी जहाजांवर आता वायफाय असते. खलाशांना इंटरनेटची सोय देण्याबाबतची सागरी कामगार करारातली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. घरचे लोक जहाजाचा ठिपका एआयएसच्या, म्हणजे जहाजाची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेच्या, नकाशावर मोबाइलमध्ये पाहतात, आणि ठिपका तासभर हलला नाही की व्हॉट्सॲपवर विचारणा सुरू होते. शिडाच्या बोटींमध्ये एचएफला मोडेम जोडून छोटी ईमेल पाठवणारे अजून आहेत. गोल्डन ग्लोब या जुन्या पद्धतीच्या शर्यतीत उपग्रह फोनवरून घरी बोलायला मनाई असते. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी त्याच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात जखमी होऊन तीन दिवस पडून होते. फ्रेंच मत्स्यखात्याच्या जहाजाने त्यांना उचलले.

कारवारच्या मच्छीमारांची गोष्ट याहून साधी. बैतकोल, माजाळीहून निघालेल्या बोटीवर मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या मैलांपर्यंत टिकते, पुढे व्हीएचएफ, तोही एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला. घरी निरोप द्यायचा तर रेंजमध्ये असलेल्या कुणालातरी हाक मारून सांगायचे, आणि त्याने फोन लावायचा. हे बोलणे बहुतेक कोंकणीत चालते, आकडे मात्र इंग्रजीत.