सहलेखन-जाळे

सहलेखन-जाळे : कोणी कोणाबरोबर शोधनिबंध लिहिला यावरून उभे केलेले संशोधकांचे जाळे. यात प्रत्येक संशोधक ही एक गाठ असते. दोघांच्या नावावर एखादा निबंध एकत्र असेल, तर त्या दोन गाठी दुव्याने जोडल्या जातात. असे हजारो-लाखो दुवे संगणकाने मांडले की एखाद्या विषयाचा, विद्यापीठाचा किंवा देशाचा वैज्ञानिक नकाशा तयार होतो. नव्या कामाला जोडीदार हुडकणे, निबंधासाठी परीक्षक शोधणे, तो परीक्षक लेखकाच्या गोटातलाच तर नाही ना हे पडताळणे, अशा कामांना हे नकाशे लागतात. ते काढणारी बरीच साधने आज इंटरनेटवर मोफत मिळतात. जाळे काढणे सोपे झाले आहे; गाठ नेमक्या कोणत्या माणसाची, हे ठरवणे मात्र अजून अवघड आहे.

एक जाळे जवळून पाहू; ते एका गणिती कोड्याभोवतीचे आहे. लॅटिन चौरस म्हणजे ज्याच्या प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक चिन्ह एकदाच येते असा चौकोनी तक्ता; रांगांची संख्या हा त्याचा क्रम. असे दोन चौरस एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते परस्परलंब. ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे ४ने भागल्यावर २ उरणाऱ्या क्रमांच्या लॅटिन चौरसांची परस्परलंब जोडी बनूच शकत नाही, असे अनुमान स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये मांडले होते. ६ पुरते ते खरे असल्याचे १९०१ मध्ये सिद्ध झाले. बाकीचे अनुमान १९५९ मध्ये कोसळले. ते पाडणाऱ्यांपैकी राज चंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे तेव्हा अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठात होते, तर ई. टी. पार्कर रेमिंग्टन रँड कंपनीच्या युनिव्हॅक या संगणक-विभागात. पार्कर यांच्या आधीच्या एका निष्कर्षाचा धागा पकडून बोस व श्रीखंडे यांनी २२ क्रमाची जोडी बांधली. ती पाहून पार्कर यांनी १० क्रमाची जोडी शोधली. मग तिघांनी मिळून २ आणि ६ वगळता प्रत्येक क्रमाला अशी जोडी असते हे दाखवले, आणि १९६० मध्ये तिघांच्या नावाने निबंध छापून आला. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

सहलेखन-जाळ्यात ही सगळी हकिकत म्हणजे फक्त एक त्रिकोण. तीन गाठी आणि सारख्याच जाडीच्या तीन बाजू. बोस हे श्रीखंडे यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते, आणि पार्कर वेगळ्याच संस्थेत बसून त्याच प्रश्नाच्या मागे लागले होते, हे त्रिकोणाकडे पाहून कळत नाही. एक दुवा गुरु-शिष्याचा, दुसरा जवळजवळ चुरशीचा. जाळ्याला दोन्ही सारखेच.

या कल्पनेची सुरुवात निम्मी थट्टेतून झाली. हंगेरीचे गणिती पॉल एर्डिश (१९१३–१९९६) यांनी सुमारे १,५०० निबंध लिहिले आणि त्यांच्या सहलेखकांची संख्या पाचशेच्या वर गेली. घर-संसार नाही, हातात बॅग, आज या गणितज्ञाकडे तर उद्या त्या. त्यांच्याबरोबर निबंध लिहिणाऱ्याचा ‘एर्डिश अंक’ १, त्या माणसाबरोबर लिहिणाऱ्याचा २, अशी मोजणी गणितज्ञांत रूढ झाली. १९६९ मध्ये तिच्यावर एक छोटा लेखही छापून आला. अमेरिकन गणित संस्थेच्या मॅथसायनेट या सूचीत आज कोणत्याही दोन गणितज्ञांमधले असे अंतर एका क्लिकवर मोजता येते.

थट्टेला गंभीर रूप दुसऱ्या बाजूने आले. यूजीन गारफील्ड यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा संदर्भ दिला, याची ती प्रचंड सूची होती. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक प्राइस यांनी १९६५ मध्ये संदर्भांच्या या जाळ्यावर निबंध लिहिला. एकेका विषयात मोजकी माणसे एकमेकांच्या कायम संपर्कात असतात, छापून येण्याआधीच एकमेकांचे काम वाचतात, या गटाला प्राइस ‘अदृश्य महाविद्यालय’ म्हणत. हा शब्द मूळचा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइल यांच्या पत्रांतला. जाळ्यांचे नकाशे म्हणजे या अदृश्य महाविद्यालयाचे हजेरीपट, असे म्हणायला हरकत नाही. ज्यांची नावे पटावर आहेत त्यांना त्याची फारशी गरज नसते; ते परिषदेत चहाच्या वेळी एकमेकांना भेटतातच. खरी गरज बाहेरच्याला, म्हणजे तालुक्याच्या गावी शिकवत एकट्याने संशोधन करू पाहणाऱ्या प्राध्यापकाला.

सगळे जाळे एकत्र मोजण्याचे पहिले मोठे काम भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतले वैद्यक, भौतिकी आणि संगणकशास्त्रातले निबंध त्यांनी घेतले. वैद्यकाच्या मेडलाइन सूचीत पंधरा लाखांहून अधिक लेखक निघाले. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच सलग जाळ्यात होते, आणि त्यांत कोणत्याही दोघांमधले अंतर सरासरी ४.६ दुवे भरले. वाराणसीतला शरीरक्रियातज्ज्ञ आणि ब्राझीलमधला शल्यविशारद यांच्यामध्ये चार-पाच ओळखींचेच अंतर असू शकते, असा याचा अर्थ.

न्यूमन यांनी दुव्यांना वजनही दिले. दोघांनीच निबंध लिहिला तर त्यांच्या दुव्याचे वजन १. पाच जणांनी लिहिला तर प्रत्येक जोडीला १/४. सूत्र साधे आहे: लेखकसंख्येतून १ वजा करायचा आणि त्याने १ला भागायचे. हे का लागते, ते एका उदाहरणाने समजेल. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगगटांनी २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एकत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याला ५,१५४ लेखक होते. छापील ३३ पानांपैकी मजकूर ९ पानांत संपतो, पुढची २४ पाने नावे आणि संस्था. वजन न देता जाळ्यात टाकला तर हा एकटा निबंध १,३२,७९,२८१ दुवे तयार करतो. त्यातले बहुसंख्य लेखक एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

साधने. नकाशे काढणाऱ्या जुन्या संगणक-प्रणालींत स्लोव्हेनियाची ‘पायेक’ (१९९६) येते. तिच्या नावाचा स्लोव्हेनियन भाषेतला अर्थ जाळे विणणारा, आठ पायांचा कोळी. आज सर्वाधिक दिसते ती नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात नेस यान फान एक आणि लुडो वाल्टमन यांनी बनवलेली व्हॉसव्ह्यूअर. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निबंध-सूचींमधून उतरवलेली निबंधांची फाइल तिला द्यायची, ‘सहलेखन’ निवडायचे, किमान पाच निबंध असलेलेच लेखक घ्या अशी काही अट घालायची, की रंगीत गोळ्यांचे चित्र समोर येते. गोळा जितका मोठा तितके निबंध अधिक. जवळचे गोळे म्हणजे घट्ट संबंध. एक रंग म्हणजे एक गट. डावे-उजवे, वर-खाली यांना काहीही अर्थ नसतो. चित्र आरशातल्यासारखे उलटले तरी तेच राहते. तरीही ‘नकाशाच्या उत्तरेला अमुक गट’ असे लिहिलेले शोधनिबंध आढळतात. व्हॉसव्ह्यूअरचे रंगीत चित्र छापले की संशोधन झाले, अशी समजूत ग्रंथालयशास्त्रात थोडी अधिकच पसरली आहे.

माणसे शोधण्याच्या साधनांचा घाट निराळा. नेदरलँड्समधल्याच रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात तयार झालेल्या ‘जेन’मध्ये आपल्या निबंधाचा सारांश चिकटवायचा, त्याच्याशी मिळतेजुळते लिहिणाऱ्या लेखकांची यादी ती देते. संपादक तिचा उपयोग परीक्षक निवडायला करतात, आणि नवखा संशोधक आपल्या जातकुळीचे काम कोण करते हे पाहायला. कॉर्नेल विद्यापीठात २००३ मध्ये सुरू झालेली ‘व्हीव्हो’ ही प्रणाली विद्यापीठाच्या सर्व प्राध्यापकांचे निबंध, अनुदाने आणि विषय एकत्र जोडून दाखवते. रिसर्चगेट (२००८) हे संशोधकांचे समाजमाध्यम. मायक्रोसॉफ्टने आपली शैक्षणिक सूची २०२१च्या शेवटी बंद केल्यावर तिची जागा ओपनअ‍ॅलेक्स या खुल्या सूचीने घेतली. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून तिचे नाव ठेवले आहे.

भारतात हे काम मुख्यतः विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. ‘विद्वान’ ही तज्ज्ञांची राष्ट्रीय सूची आणि तिला जोडलेली ‘आयरिन्स’ ही संस्थांना मोफत मिळणारी प्रणाली या त्याच्याच. प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ भांडारातून कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणत्या विषयावर काम झाले हे कळते, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्याला रंगीत नकाशापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो. मूल्यांकनाचे वर्ष आले की महाविद्यालयांत या पानांवरची माहिती घाईने भरली जाते, आणि पुढची दोन-तीन वर्षे तिला कोणी हात लावत नाही.

नावांचा घोळ. मेडलाइनमधले लेखक न्यूमन यांनी दोनदा मोजले. सगळी आद्याक्षरे धरली तर सुमारे १५ लाख २० हजार माणसे. आडनाव आणि फक्त पहिले आद्याक्षर धरले तर सुमारे १० लाख ९० हजार. निबंध तेच, पण सव्वाचार लाखांहून अधिक माणसे कधी आहेत, कधी नाहीत.

मराठी नावे या घोळात हमखास अडकतात. ‘पाटील एस. डी.’ हे सुरेश दत्तात्रय असू शकतात, संगीता दिलीप असू शकतात, आणि दोघे एकाच विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात असू शकतात. जाळ्यात त्यांचा एकच भलामोठा गोळा होतो. उलटही घडते. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. जुने लोक वसंतची सुरुवात डब्ल्यूने करत, नवे व्हीने करतात. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस डीने लिहितो आणि हिंदी भाषक जीने; म्हणजे उच्चाराबरोबर आद्याक्षरच बदलते. सर्वात जास्त फटका स्त्रियांना. पीएच.डी.पर्यंतचे निबंध वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव लावून, पुढचे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव लावून. जाळ्यात त्या बाईंच्या दोन गाठी पडतात. पहिली लग्नाच्या वर्षी थांबते, दुसरी मागचे काहीच नसताना उगवते, आणि जुन्या सहलेखकांशी तिचा संबंध तुटलेला दिसतो.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक सुरू झाला. शेवटचे स्थान तपासणीचे असते, म्हणून तिथे कधीकधी अंकाऐवजी एक्स येतो. क्रमांक माणसाला मिळतो, नावाला नाही. नाव बदलले तरी तो तोच राहतो. पण तो काढून नुसता ठेवून दिला, निबंध जोडले नाहीत, तर उपयोग शून्य. जुन्या निबंधांना तर तो नसतोच. मग हाताने काम करावे लागते. व्हॉसव्ह्यूअरला दोन रकान्यांची साधी मजकूर-फाइल देता येते. डाव्या रकान्यात सापडलेले नाव, उजव्यात त्याऐवजी घ्यायचे नाव. एका विभागाचा नकाशा काढायचा तर अशी फाइल करायला दिवस-दोन दिवस जातात, आणि ती करायला त्या विभागातल्या माणसांना ओळखणारे कोणीतरी लागते.

जाळ्यात न येणारे. पुण्याजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर भारत-जपानचा एक गट स्पंदकांची, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ-ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, वेळ मोजतो. २०२३ मध्ये त्याने युरोपातल्या अशाच गटाबरोबर विश्वभर पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातल्या सूक्ष्म कंपनांच्या, पार्श्वभूमीचे पुरावे मांडले. हे गट कोणत्या संकेतस्थळामुळे एकत्र आले नव्हते. एकाच तऱ्हेचे मोजमाप, त्याला लागणारी दुर्बीण आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी यांनी त्यांना एकत्र आणले. असे संबंध जाळ्यात उमटतात ते निबंध छापून आल्यावर, म्हणजे प्रत्यक्षात जुळल्यानंतर कित्येक वर्षांनी. मराठी नियतकालिकांतले लेखन मोठ्या सूचींत क्वचितच येते. त्यामुळे मोडी कागदपत्रांवर चाळीस वर्षे काम केलेल्या अभ्यासकाचा शोध घेतला तर नकाशा कोरा निघू शकतो. निबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानलेले असतात ते प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, जंगलातली वाट दाखवणारे गावकरी आणि आकडेमोड तपासून देणारे सहकारी यांच्या गाठी जाळ्यात पडत नाहीत.