दाणे दिसले म्हणजे प्रत खराब?

म्हापसा-फोंड्याकडच्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा फॉरवर्ड: जुन्या भयपटाच्या ब्लू-रे डिस्कवर दाणे (चित्रभर वळवळणारे बारीक ठिपके, म्हणजे ग्रेन) दिसले, तर रिस्टोरेशन (जुन्या फिल्मची डागडुजी) फसलं.

तसं नाही. फिल्मवरचं चित्रच मुळी दाण्यांचं बनलेलं असतं. स्वस्तातले भयपट अनेकदा १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर चित्रित होत. 'द इव्हिल डेड' (१९८१) तसाच. १६ मिमीची चौकट क्षेत्रफळाने नेहमीच्या ३५ मिमीच्या जेमतेम पाव. मोठी केली की दाणे ठळक होणारच. ते पुसले तर केस, सुरकुत्या, कापडाची वीणही पुसली जाते. धूळ, ओरखडे मात्र काढायलाच हवेत.

तपासायचंय? आधी टीव्हीचं नॉइज रिडक्शन (दाणे आपोआप पुसणारं सेटिंग) बंद करा. मग चेहऱ्याच्या क्लोजअपवर थांबून एकेक फ्रेम पुढे सरका. दाणे दर फ्रेमला बदलले तर ठीक. एकाच जागी गोठलेले किंवा गाल मेणाचे दिसले, तर साफसफाई अती झालीय. (नकली रक्त नकलीच दिसणार, त्याला इलाज नाही!)