गर्भारपणातील मधुमेहानंतरचे बाळंतपण

गर्भारपणात प्रथमच आढळलेला मधुमेह प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांमध्ये ओसरतो. इन्सुलिनचा परिणाम रोखणारी संप्रेरके वारेतून स्रवत असतात. वार पडली की ती थांबतात आणि रक्तातील साखर लवकरच पूर्वपदावर येते. मात्र ज्या शरीराला गर्भारपणात वाढलेली इन्सुलिनची गरज भागवता आली नाही, त्याची ही उणीव पुढेही राहते. अशा स्त्रियांना नंतर टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या सात ते दहा पट असल्याचे २००९ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसले. म्हणूनच बाळंतिणीचा आहार, हालचाल, स्तनपान आणि तपासणी यांसाठी घराने व आरोग्ययंत्रणेने दिलेली साथ हा या आजाराच्या उपचाराचाच पुढचा भाग होय.

भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असल्यास ती सामान्य, १४० ते १९९ असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह समजतात. महाराष्ट्रात ही तपासणी अगदी अवघड वेळी येते: सव्वा महिना संपून बाळंतीण माहेरहून सासरी निघण्याचे तेच दिवस असतात, कागदपत्रे एका गावी आणि ती दुसऱ्या गावी असे होते, शिवाय एव्हाना घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते. बाळाची पेंटाव्हॅलंट लसीची पहिली मात्राही सहाव्याच आठवड्यात असते आणि आशा कार्यकर्तीची नवजात बालकासाठीची गृहभेट ४२ व्या दिवशी ठरलेली असते. बाळाला लस टोचायला नेताना आईचेही रक्त तपासून घेणे, हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

आहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण बाळंतिणीला खाऊ घालणे हे मायेचे काम समजले जाते. डिंकाच्या लाडवात तुपात फुलवलेला डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस आणि गूळ असतो. त्यात पौष्टिक पदार्थ भरपूर असले तरी गूळ आणि खारीक दोन्ही साखर वाढवतात, आणि गूळ साखरेपेक्षा निर्धोक हा समज मधुमेहाच्या बाबतीत खरा नाही. तरीही लाडू सरसकट बंद करण्याचा सल्ला घरात टिकत नाही आणि तो देण्याची गरजही नाही. गूळ कमी घालून लिंबाएवढे लहान लाडू वळावेत, दिवसाला एकच द्यावा, अळीव खिरीऐवजी भाजी-कोशिंबिरीत घालावा आणि जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, शेपू-मेथीसारखी पालेभाजी व ताक यांचा वाटा वाढवावा. अंगावर पाजणाऱ्या आईला अधिक ऊर्जा लागते, त्यामुळे वजन उतरवण्यासाठी तिला अर्धपोटी ठेवणे चुकीचे आहे. जास्त काळ स्तनपान करणाऱ्या मातांमध्ये पुढे मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले आहे.

व्यायामाची सुरुवात चालण्याने होते. सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वेग वाढवतात आणि आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचतात. रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईला एवढा वेळ कोणीतरी काढून द्यावा लागतो. सासूने किंवा नवऱ्याने संध्याकाळी अर्धा तास बाळ सांभाळणे ही यातली खरी मदत आहे, कोरड्या उपदेशाने हे साधत नाही.

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात, गर्भारपणात मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रियांमध्ये जीवनशैलीतील बदलांनी पुढील मधुमेहाचा धोका सुमारे निम्म्याने घटला. पण त्यांच्या त्या बाळंतपणाला सरासरी १२ वर्षे उलटली होती. नुकत्याच आई झालेल्यांमध्ये असे यश सहज मिळत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील १,६०१ मातांच्या ‘लिव्हिंग’ चाचणीत (२०२२) साखरेची स्थिती बिघडण्याचे प्रमाण सत्रे व संदेशांतून जीवनशैलीचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात २५.५ टक्के आणि फक्त नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २७.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. ठरावीक सत्रे आणि संदेश पुरेसे पडत नाहीत, असाच याचा अर्थ लावणे रास्त ठरेल.

सहाव्या आठवड्यातील तपासणी सामान्य आली तरी साखर दरवर्षी पाहावी लागते. पुढच्या गर्भारपणात हा मधुमेह सुमारे निम्म्या स्त्रियांना पुन्हा होतो, त्यामुळे दुसऱ्या बाळाचा विचार करण्यापूर्वी तपासणी करतात आणि दिवस राहिल्यास पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागील नोंद दाखवतात.