भिंतीच्या खांद्यावरचं ओझं उतरलं तेव्हा

घराची डागडुजी काढली आणि मधली एखादी भिंत पाडायचा विषय निघाला, की मिस्त्री आधी एकच गोष्ट विचारतो, "बिल्डिंग लोड बेअरिंगची आहे की आरसीसी?" आरसीसी असेल तर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत दोन दिवसांत काढता येते. वरच्या मजल्यांचं वजन कॉलम-बीमवर असतं, भिंत नुसता आडोसा असते. लोड बेअरिंग असेल तर त्याच भिंतीवर वरची सगळी घरं बसलेली असतात. तिला हात लावायचा नाही.

आडोसा करणं आणि भार पेलणं ही दोन कामं वेगळी करता येतात, हे लाकडाच्या बांधकामात फार जुनं आहे. पुण्यातल्या वाड्यांचे खण खांब आणि तुळयांवर उभे असतात, मधली भिंत भरावाची असते. पण लाकूड फार उंच नेता येत नाही आणि आगीपुढे टिकत नाही. दगड-विटांच्या उंच इमारतींत मात्र ही दोन्ही कामं भिंतीकडेच राहिली. त्यांची फारकत मुख्यतः शिकागो शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत झाली.

ती का करावी लागली, हे समजून घ्यायला शिकागोतली मोनॅडनॉक ही इमारत बघावी. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ मध्ये पुरा झाला. सोळा मजले, आणि बाहेरच्या भिंती विटांच्या, भार पेलणाऱ्या. अशा भिंतींसाठी त्या काळी एक ढोबळ हिशेब होता: सगळ्यांत वरच्या मजल्याची भिंत १२ इंच जाड, आणि खाली उतरताना दर मजल्याला ४ इंच वाढवायचे. सोळा मजल्यांना लावून बघा. १२ अधिक पंधरा चोक साठ, म्हणजे ७२ इंच. तळाशी सहा फूट जाड भिंत! मोनॅडनॉकची भिंत तळाशी खरोखरच सहा फूट जाड आहे. इमारतीची रुंदी अवघी ६६ फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून त्यातले बारा फूट खातात, आणि तेही तळमजल्यावर, जिथे दुकानांचं भाडं सगळ्यांत जास्त मिळतं. खिडक्या इतक्या खोल बसलेल्या की उजेड आत येईपर्यंत अर्धा होतो.

शिवाय ते वजन जमिनीला सोसलं पाहिजे. शिकागोखाली मऊ चिकणमातीचा थर आहे. ही इमारत काही इंच खचणार, हे धरूनच बांधली होती. ती पुढच्या दशकांत सुमारे २० इंच खचली. आणखी दहा मजले चढवायचे म्हटले तर भिंत किती जाड होईल आणि आत माणसांना जागा किती उरेल, हा हिशेब वाचकांनीच करून बघावा. वीट कमजोर होती म्हणून हा रस्ता बंद झाला नाही. भिंतीची बहुतेक ताकद स्वतःचंच वजन पेलण्यात जात होती.

उंच जायची गरज कुठून आली, हे थोडक्यात सांगतो. १८७१ च्या ऑक्टोबरमधल्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळून गेला. शहर नव्यानं उभं राहताना मोक्याच्या जागेचे भाव चढत गेले. एलिशा ओटिस यांनी १८५० च्या दशकात दाखवलेल्या सुरक्षित लिफ्टमुळे पाचव्या मजल्याच्या वरही भाडेकरू मिळू लागले होते. अडत होतं ते भिंतीपाशी.

लोखंडाचा सांगाडा तेव्हा नवा नव्हता. त्याचा नमुना बघायला आपल्याला काळा घोड्यापर्यंत गेलं तरी पुरे. मुंबईतलं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात बांधलं गेलं. त्याचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणल्या आणि इथे जोडल्या. तो सांगाडा बाहेरूनही दिसतो. आज या वास्तूची जी दशा आहे ती बघून जीव तुटतो. बांधकामाच्या इतिहासातलं इतकं महत्त्वाचं पान इतक्या जवळ आहे आणि आपण त्याच्यासमोरून नुसते चालत जातो.

मग या धातूनं वीस मजले का चढवता आले नाहीत? हे ओतीव लोखंड, म्हणजे आपल्या ओळखीचं बीड. घरात बिडाचा तवा असेल तर त्याचा स्वभाव ठाऊक असतो: कितीही वजन ठेवा, काही होत नाही, पण फरशीवर पडला की तडकतो. बिडात कार्बन बराच असतो, त्यामुळे ते दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं असतं. खांब दबतो, म्हणून खांबाला बीड चालतं. तुळई मात्र वाकते, आणि वाकताना तिची वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. म्हणून तुळयांना घडीव लोखंड वापरत. ते ताण सोसतं, पण मऊ असतं आणि बनवायला फार मेहनत लागते.

पोलादाला दाब आणि ताण दोन्ही सारखेच झेपतात. ते पूर्वीही होतं, पण तलवारी आणि स्प्रिंगांपुरतं, कारण महाग होतं. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून जोरानं हवा सोडायची पद्धत मांडली. हवेतल्या ऑक्सिजननं लोखंडातला कार्बन जळतो, आणि त्या जळण्याच्या उष्णतेनंच लोखंड वितळलेलं राहतं, वेगळं सरपण लागत नाही. काही टन पोलाद अर्ध्या तासाच्या आत तयार. ते आधी गेलं रेल्वेच्या रुळांकडे. इमारतींकडे वळायला पुढे पंचवीस-तीस वर्षं लागली.

इथे विल्यम ल बॅरन जेनी यांचं नाव येतं. पॅरिसच्या ज्या इकोल सांत्राल संस्थेत गुस्ताव्ह आयफेल शिकले, तिथेच जेनीही शिकले. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी लष्करी अभियंता म्हणून काम केलं होतं. त्यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ मध्ये शिकागोत पुरी झाली. दहा मजले, सुमारे ४२ मीटर उंची. खांब बिडाचे, तुळया घडीव लोखंडाच्या, आणि वरच्या मजल्यांच्या तुळया बेसेमर पोलादाच्या. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून हिचंच नाव सगळीकडे सांगितलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. खालच्या मजल्यांवर ग्रॅनाइटचे जाड खांब होते, आणि शेजाऱ्यांच्या बाजूच्या विटांच्या भिंतीही भार घेत होत्या. म्हणजे हा सांगाडा पूर्णपणे स्वतःच्या पायांवर उभा नव्हता. सगळा सांगाडा पोलादाचा असलेली रँड मॅकनॅली बिल्डिंग आली ती १८९० मध्ये. जेनींचं श्रेय यानं कमी होत नाही. दर्शनी भिंतीचं वजन मजल्यामजल्याला तुळईवर घेऊन ते खांबांत उतरवायचं, ही वाट त्यांनी प्रत्यक्ष बांधून दाखवली.

पण भिंत हलकी झाली आणि एक नवंच संकट समोर आलं. वारा. जाड भिंतीच्या इमारतीला वाऱ्याची फारशी फिकीर नसते, तिचं वजनच तिला जागच्या जागी धरून ठेवतं. सांगाडा हलका, आणि बांधलेल्या शिडासारखा सगळा वारा अंगावर घेणारा. त्यात उंची दुप्पट केली की वाऱ्याचा एकूण जोर दुप्पट होतो आणि तो जमिनीपासून दुप्पट उंचीवर लागतो, म्हणून इमारतीला मुळापाशी वाकवणारा परिणाम चौपट होतो. काड्यापेटीच्या काड्यांचा चौकोन करून त्याला बाजूनं बोट लावा. काड्या मोडत नाहीत, कोपरे फिरतात आणि चौकोन तिरपा होतो. सांगाड्याची खरी परीक्षा अशी कोपऱ्यांत, जोडांत असते. यावर दोन उपाय होते: चौकोनात तिरके पट्टे घालायचे, नाहीतर खांब आणि तुळई यांचा जोडच इतका ताठ करायचा की कोपरा फिरूच नये.

बिडाचा खांब इथे कमी पडला. त्यावर हातोडे चालवले तर तडा जायची भीती, म्हणून तुळया बोल्टनं जोडायच्या. बोल्टाचं भोक जरा सैलच असतं, आणि तेवढी सैल जागा प्रत्येक जोडात धरली की सगळा सांगाडा डुलू लागतो. पोलादाला रिव्हेट, म्हणजे एका टोकाला डोकं असलेली जाड खीळ, ठोकता येतो, आणि रिव्हेट ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. चार माणसांची टोळी असे. एक जण भट्टीत रिव्हेट लालभडक करून चिमट्यानं वर भिरकावणार. दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात घालणार. तिसरा डोक्याकडून जड लोखंड टेकवून धरणार, आणि चौथा दुसऱ्या बाजूनं हातोडा मारून टोक पसरवणार. तापलेला रिव्हेट भोकात फुगून बसतो. मग तो निवतो, निवताना आखडतो आणि दोन्ही पट्ट्यांना एकमेकांवर घट्ट आवळतो. जोडाला ही पकड निवण्यातून मिळते.

न्यूयॉर्कमधली फ्लॅटआयर्न बिल्डिंग १९०२ मध्ये उभी राहिली, तेव्हा इतकी अरुंद इमारत वाऱ्यानं कोसळणार असं लोक उघड बोलत. तिचं टोक जेमतेम दोन मीटर रुंद आणि उंची ८७ मीटर. ती आजही उभी आहे. त्याच शहरात १९०४ मध्ये बिडाचे खांब असलेली डार्लिंग्टन नावाची इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि माणसं दगावली. उंच इमारतीत बिडाच्या खांबावर पुन्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

आगीचा प्रश्नही सुटायचा होता. लोखंड जळत नाही म्हणून ते आगीत टिकतं, हा समज १८७१ च्या आगीनं मोडला होता. साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला पोलादाची सुमारे निम्मी ताकद जाते, आणि घरातली साधी आगही त्याहून तापते. म्हणून खांब-तुळयांभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचं वेष्टण आलं. कुंभाराच्या मातीनं पोलादाला वाचवलं!

मोनॅडनॉकपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर रिलायन्स बिल्डिंग आहे. तिच्या जागी आधी असलेल्या इमारतीतल्या वरच्या भाडेकरूंची मुदत संपली नव्हती, म्हणून त्यांचे मजले जॅकवर तोलून धरून खाली नवा पाया आणि तळमजला आधी बांधला गेला. पुढे १८९५ मध्ये वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा पंधरा दिवसांत चढला. बाहेरून पांढऱ्या, चकचकीत टेराकोटाच्या पातळ पट्ट्या, आणि उरलेली सगळी काच. सहा फुटांच्या विटांच्या भिंतीनंतर अवघ्या चार वर्षांत, त्याच शहरात, भिंतीच्या जागी खिडकी आली होती.