शर्यतीच्या साच्यातून निघालेली जॅग्वार

फ्रान्समधील ल माँ येथे १९८८ साली चोवीस तासांची मोटारशर्यत जॅग्वार या ब्रिटिश मोटार कंपनीच्या एक्सजेआर-९ या गाडीने जिंकली. जॅग्वारला हे यश तब्बल ३१ वर्षांनी मिळाले होते आणि तेही सहजासहजी नव्हे, कारण शेवटच्या टप्प्यात गिअरबॉक्स दगा देऊ लागल्यामुळे चालक यान लामर्स यांनी गिअर न बदलता, एकाच गिअरवर गाडी रेटत नेली. गाडी तयार करणाऱ्या टीडब्ल्यूआर (टॉम वॉकिन्शॉ रेसिंग) या संस्थेचे प्रमुख टॉम वॉकिन्शॉ यांनी पुढे हीच गाडी रस्त्यावर चालेल अशा रूपात आणण्याचे ठरवले. त्यातून घडलेली एक्सजेआर-१५ इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये १९९० ते १९९२ या काळात बांधली गेली आणि तिच्या अवघ्या ५३ प्रती निघाल्या.

रूपरेखा आखण्याचे काम पीटर स्टीव्हन्स यांच्याकडे आले. शर्यतीच्या गाडीत हेल्मेट घातलेला एकच माणूस अंग चोरून बसतो, परंतु येथे दोघांना बसवायचे होते. त्यासाठी चालककक्ष सुमारे ७५ मिलिमीटरने रुंद आणि छत सुमारे ४० मिलिमीटरने उंच केले गेले. एवढ्या अल्प फेरफारावर भागले, यावरूनच मूळ गाडीशी तिचे नाते किती निकटचे होते हे कळते.

या गाडीचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या सांगाड्यात आहे. कार्बन फायबर म्हणजे केसाहूनही बारीक असे कार्बनचे तंतू. नुसता तंतू ताण उत्तम सोसतो, पण दाबला की सुताप्रमाणे वाकतो. म्हणून तंतूंचे कापड राळेत भिजवून, थरावर थर साच्यात बसवून, उष्णता आणि दाब देऊन पक्के केले जाते. ताकद मुख्यतः तंतूंच्या दिशेनेच मिळत असल्याने प्रत्येक थर कोणत्या कोनात ठेवायचा, हा या कामातला कळीचा प्रश्न असतो. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, तर तंतू आणि राळ यांच्या या संमिश्राची दीडपटीहून थोडीच अधिक असते. फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेनने १९८१ मध्ये असा सांगाडा आणला होता, पण सांगाडा आणि बाह्यांग दोन्ही कार्बन फायबर व केवलार (एक अतिशय चिवट कृत्रिम तंतू) यांच्या संमिश्रांचे असलेली रस्त्यावरची पहिली गाडी म्हणून एक्सजेआर-१५ हिचेच नाव घेतले जाते. सहा लिटरचे, बारा सिलिंडरांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन असूनही तिचे वजन साधारण १,०५० किलो, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम सेडानइतकेच भरते.

हलकेपणाची किंमत कानांना आणि हातांना मोजावी लागे. आवाज अडवणारे जड अस्तर नसल्याने शेजारी बसलेल्याशी बोलण्यासाठी हेडफोन लावावा लागे. मूळच्या सहा गिअरच्या पेटीत सिंक्रोनायझर नव्हते. नेहमीच्या गाडीत दोन दातेरी चक्रांचा वेग जुळवून देण्याचे जे काम हा भाग करतो, ते येथे चालकाने पायाच्या अंदाजाने करायचे. पाच लाख पौंड मोजून ही शिक्षा विकत घेणारे लोक होते, याचे मला आजही नवल वाटते.

गाडीसाठी १९९१ मध्ये मोनॅको, इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन आणि बेल्जियममधील स्पा येथे, फॉर्म्युला वनच्या स्पर्धांच्या जोडीने तीन खास शर्यती भरवल्या गेल्या. डेरेक वॉरिक आणि हुआन मॅन्युएल फांजिओ (द्वितीय) यांनी पहिल्या दोन जिंकल्या, पण दहा लाख डॉलरचे बक्षीस होते ते शेवटच्या शर्यतीला, आणि ते आर्मिन हाने यांच्या पदरात पडले.

स्टीव्हन्स यांनीच पुढे मॅक्लारेन एफ-१ या गाडीचे बाह्यरूप घडवले. तिचा सांगाडाही कार्बन फायबरचाच, पण प्रवास उलटा झाला: मुळात रस्त्यासाठी आखलेली ही गाडी नंतर शर्यतीत उतरवली गेली आणि १९९५ मध्ये तिने ल माँची शर्यत जिंकली.