जुना बेल्ट सँडर पुन्हा वापरात आणताना

बेल्ट सँडर म्हणजे रोलरवर फिरणाऱ्या सँडपेपरच्या पट्ट्याने लाकूड घासणारं मशीन. वर्षानुवर्षं अडगळीत पडलेला असा सँडर आमच्याकडे दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "मोटर गेली का?" पुष्कळदा मोटर ठणठणीत निघते. बिघडलेलं असतं ते रबर, बेअरिंग आणि रोलर. यातलं बरंच काम तुम्ही घरच्या वर्कशॉपमध्ये करू शकता. ते नीट व्हावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी: प्लग लावून बघण्याची घाई करू नका. जुन्या वायरचं आवरण तडकलेलं असतं, मोटरीत भुसा ठासलेला असतो, ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. मशीनची बॉडी धातूची आणि वायर तीन तारांची असेल, तर प्लगची अर्थ पिन आणि बॉडी यांच्यात जोडणी शाबूत आहे का, ते मल्टिमीटरने तपासा. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, वीज बॉडीत झिरपत नाही ना ते बघायचं. आकडा १ मेगाओहमच्या खाली आला तर मशीन चालवायचं नाही. कधी कधी कारण नुसती ओल असते आणि नीट वाळवल्यावर आकडा चढतो. मेगर घरी नसतो, तेवढ्यासाठी मशीन आमच्याकडे आणा. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थची तार नसणंच बरोबर. टेबलावर बसवलेल्या सँडरला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, हे विसरू नका.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. भुसा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. जोराची हवा मारली की बारीक धूळ थेट बेअरिंगमध्ये शिरते.

बेअरिंग बोटांनी हळू फिरवा. खरखर लागली, अडखळलं, तर बदला. धुऊन पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. नंबर कडेवर कोरलेला असतो. ६२०१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा ३२ आणि जाडी १० मिलिमीटर. नंबरापुढे '२ आरएस' असलेलं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या, कारण या मशीनचा सगळा जन्म धुळीत जातो. शाफ्टवर ठोकताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं.

मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश साधारण ६ मिलिमीटरपर्यंत झिजले की जोडीनेच बदला आणि नवे बसवल्यावर मशीन थोडा वेळ लोड न देता चालवा.

आता पट्टा एका बाजूला सरकण्याची तक्रार. सगळ्यात जास्त मशीनं याच कारणाने टाकून दिली जातात आणि आम्हाला त्याचं फार वाईट वाटतं. पट्टा सरकला की माणूस ट्रॅकिंगची खुंटी (पट्टा डावी-उजवीकडे सरकवणारी) पिळत बसतो, पट्टा बॉडी कापत जातो आणि शेवटी मशीनच खराब ठरतं. खरं कारण बहुधा रोलरमध्ये असतं. पुढचा रोलर सपाट नसतो, मध्यभागी किंचित फुगीर असतो. फिरता पट्टा नेहमी उंच भागाकडे चढतो, म्हणूनच तो मधोमध राहतो. हा फुगवटा झिजला किंवा त्यावर लाकडाच्या डिंकाचे थर बसले की खुंटी काहीही करू शकत नाही. रोलरवर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे बघा: मध्ये टेकायला हवी, दोन्ही टोकांशी बारीक फट दिसायला हवी. डिंक असेल तर खरवडून काढा. रोलरच सपाट झाला असेल तर तो लेथवर कातून घ्यावा लागतो.

मागच्या रोलरचं रबर चकचकीत झालं की पट्टा घसरतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने वरची चकाकी घालवली तर पकड परत येते. रबराला भेगा असतील तर नवं चढवावं लागेल. पट्टा ज्यावरून सरकतो त्या खालच्या पाट्यावरचं ग्रॅफाइटचं कापडही पाहा. ते फाटलं की पट्टा तापतो आणि फळी एकसारखी घासली जात नाही.

आणि हे सगळं जुन्या पट्ट्यावर पारखू नका. गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्याचा जोड वयाने सुटतो आणि चालू मशीनवर तुटून उडतो. नवा घ्या, आतल्या बाजूला बाण असेल तर त्याच दिशेने चढवा. शिल्लक पट्टे खिळ्याला नको, जाड खुंटीला टांगा, म्हणजे घडी पडत नाही.

रंग शेवटी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. आमचं मत विचाराल तर मूळ रंग तसाच राहू द्या.

चालवताना मास्क हवाच. लोखंड घासायचं असेल तर आधी भुशाची पिशवी काढून ठेवा: ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसते आणि आग लागते.

मोटरीला जळका वास येत असेल किंवा रोलर धरणाऱ्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागाला तडा असेल, तर पुढे खर्च करण्याआधी आम्हाला दाखवा. येताना सगळे भाग आणा, मोडलेलेसुद्धा. मोटरीची गती रोलरला देणारा आतला दातेरी पट्टा तुटला असेल तर त्याचे तुकडे मुद्दाम जपून ठेवा. दाते मोजून आणि रुंदी घेऊनच आम्हाला त्याच्या जोडीचा शोधता येतो.